गोव्यात जमीन-घरातील गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा, मडगाव येथून आणि नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात वा आखातात असलेल्या गोमंतकीयांकडून आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न दराविषयी असतो. इतकी वर्षे लोकांचे जमिनीचे कागद वाचताना माझे मत असे बनले आहे की दर शेवटी विचारावा आणि त्या जमिनीत कोणाकोणाचा हक्क गुंतला आहे, हे आधी विचारावे. गोव्यात पोर्तुगीज काळातील नोंदी, मुक्तीनंतरचे कूळ-मुंडकार कायदे (प्रश्न ७) आणि आजचे नियोजनाचे नियम हे तिन्ही थर एकाच सर्व्हे क्रमांकावर एकावर एक बसलेले असतात. खालील उत्तरे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष सही करण्यापूर्वी आपले कागद आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावेतच.

१. गोव्यात फ्लॅट घेऊन ठेवला की त्याची किंमत वाढतेच, मग ही गुंतवणूक सुरक्षित नाही का?

किंमत वाढू शकते, परंतु हिशेब करताना लोक खर्चाची बाजू सोडून देतात. समजा, फ्लॅट ७० लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क हे गोव्यात मूल्याच्या टप्प्यानुसार चढत जातात. ते दोन्ही मिळून सात टक्के धरले तर ४ लाख ९० हजार होतात. पंखे, स्वयंपाकघर, कपाटे, जाळ्या यांवर ५ लाख १० हजार खर्च झाले, म्हणजे आपले ८० लाख गुंतले. महिना २० हजार भाडे आणि वर्षात एक महिना घर रिकामे, असे धरल्यास २ लाख २० हजार हाती येतात. त्यातून सोसायटीची वर्गणी, घरपट्टी आणि पावसाळ्यानंतरची डागडुजी यांचे ६० हजार वजा करा. उरतात १ लाख ६० हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्के. तीच रक्कम सहा टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत असती, तर ४ लाख ८० हजार मिळाले असते. मधल्या ३ लाख २० हजारांची भरपाई दरवर्षी किमतीच्या वाढीतून व्हावी लागते आणि ती वाढ विक्री होईपर्यंत कागदावरच राहते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपले आकडे घालून हाच हिशेब करून पाहावा आणि मगच फ्लॅटकडे गुंतवणूक म्हणून पाहावे.

२. कर्ज काढून फ्लॅट घेतला, तर भाड्यातून हप्ता फिटेल का?

सहसा फिटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम बँक देऊ शकते. वरील ७० लाखांच्या फ्लॅटवर ५६ लाख कर्ज मिळाले, तरी स्वतःचे १४ लाख आणि वरखर्चाचे १० लाख असे २४ लाख हातात हवेत. साडेआठ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने या कर्जाचा हप्ता सुमारे ४८ हजार ६०० रुपये बसतो. खर्च वजा जाता भाडे महिना १३ हजारांच्या थोडे वर उरते. उरलेले ३५ हजार दरमहा पगारातून घालावे लागतात, आणि वीस वर्षांत बँकेला व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त, सुमारे ६० लाख, जातात. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने हा भार उचलणे समजण्यासारखे आहे, कारण त्याचे भाडे वाचते. दुसरे घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने मात्र हप्त्याची तूट सलग दोन वर्षे सोसता येईल एवढी शिल्लक असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. फ्लॅट, भूखंड आणि जुने घर यांपैकी नवख्याने कोणते घ्यावे?

कागदांचा विचार केला, तर नोंदणीकृत प्रकल्पातील, भोगवटा दाखला (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेला फ्लॅट सर्वांत सोपा (प्रश्न १२ पाहा). भूखंडात वाढीची शक्यता जास्त असली, तरी उत्पन्न शून्य असते आणि कुंपण, साफसफाई व अतिक्रमणावर लक्ष ठेवणे हे काम कायम राहते. परगावी राहणाऱ्या मालकाचा भूखंड चार पावसाळे कोणी पाहिला नाही, तर पुढे सीमारेषेवरून वाद उभा राहतो.

जुन्या घराचा मोह पुष्कळांना असतो आणि तो मला समजतो. चौकातली तुळस आणि चिऱ्याच्या भिंती पाहून कोणाचेही मन ओढले जाते. परंतु अशा घरांचे वारस अनेक असतात (प्रश्न ६), आत जुना भाडेकरू असला तर त्याला १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते आणि पणजीच्या फोंतेन्यशसारख्या संवर्धन क्षेत्रात दर्शनी भाग बदलण्यासाठीही स्वतंत्र परवानगी लागते. पहिल्याच व्यवहारात जुने घर घेऊ नये.

४. माझ्याकडे पाच लाखच आहेत. कोणाबरोबर भागीत जमीन घ्यावी का?

नात्यातील वा मैत्रीतील भागीदारी विक्रीच्या वेळी तुटते, कारण एकाला पैशांची निकड असते आणि दुसऱ्याला थांबायचे असते. एवढ्या रकमेत या क्षेत्रात राहायचे असेल, तर शेअर बाजारात सूचीबद्ध असलेले रीट (अनेकांचा पैसा एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे न्यास) हा मार्ग आहे. त्यांची एकके थोड्या रकमेत घेता येतात, विकता येतात आणि वितरणयोग्य रोख उत्पन्नापैकी किमान ९० टक्के भाग वाटण्याचे बंधन त्यांच्यावर असते. एककांचा भाव खालीही जातो, हे लक्षात ठेवावे.

५. एक-चौदाच्या उताऱ्यावर विक्रेत्याचे नाव आहे. तोच मालक, असे समजायचे ना?

एवढ्यावरून समजू नये. नमुना १ व १४ हा महसुली हक्कनोंदीचा उतारा आहे. शेजारच्या सावंतवाडीतला सातबारा ज्या कामाचा, साधारण त्याच कामाचा हा कागद. शहरी भूमापन झालेल्या भागात त्याऐवजी नमुना ‘डी’ मिळतो. यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु ती मालकी निर्माण करत नाही. गोव्यात १९७०च्या दशकात भूमापन झाले, तेव्हा जो जमिनीवर होता किंवा ज्याने येऊन सांगितले, त्याचे नाव पुष्कळ ठिकाणी लागले. एका भावाचे नाव लागले आणि बाकीचे मुंबईत होते, म्हणून त्यांचा हिस्सा नाहीसा होत नाही.

म्हणून उताऱ्याच्या मागे जावे लागते. विक्रेत्याला ही जमीन कशी मिळाली: विक्रीखताने, वारसाने, वाटणीने की बक्षीसपत्राने? त्याच्या आधीच्या मालकाला कशी मिळाली? ही साखळी पोर्तुगीज काळापर्यंत नेली, तर तेथे जुन्या भूनोंदणीतील ‘दिश्क्रिसांव’ म्हणजे मालमत्तेचे वर्णन, ‘इन्श्क्रिसांव’ म्हणजे कोणाच्या नावावर ती चढली याची नोंद आणि करआकारणीची ‘मात्रिझ’ भेटतात. जुन्या वर्णनातल्या चतुःसीमा आणि आजचा सर्व्हे नकाशा यांचा मेळ बसतो का, हे पाहणे हा शोधाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि घाईच्या व्यवहारात नेमका तोच वगळला जातो. उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. मात्र नोंदणी न झालेले हक्क त्यात दिसत नाहीत.

उतारा वाचताना ‘इतर हक्क’ आणि ‘कूळ’ हे रकाने मालकाच्या नावाइतक्याच काळजीने वाचावेत. रिकामा रकानाही निश्चिंतीचा पुरावा नाही (प्रश्न ७).

६. जमीन विक्रेत्याच्या वडिलांची आहे. त्याच्या बायकोची आणि लग्न झालेल्या बहिणींची सही कशासाठी लागते?

गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर पती आणि पत्नी यांची मालमत्ता सामाईक होते आणि वारसाने आलेली मालमत्ताही त्यात येते. स्थावर मालमत्ता एकट्या नवऱ्याला किंवा एकट्या बायकोला विकता येत नाही. विक्रीखतावर दोघांची सही हवी, मग उताऱ्यावर नाव एकाचेच का असेना.

मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क समान आहे. वडील वारल्यावर निम्मा वाटा आईचा राहतो आणि उरलेला निम्मा सर्व मुलांत वाटला जातो. मुलीचा हिस्सा लग्नानंतर तिच्या नवऱ्याशीही सामाईक होतो. त्यामुळे चार भावंडांच्या घरात आई, चार भावंडे आणि चार जोडीदार अशा नऊ जणांचा संबंध येतो. भावंडांपैकी कोणी वारले असेल, तर त्यांच्या मुलांचा. मृत्युपत्राने सर्व काही एकालाच दिले आहे, असे कोणी सांगितले, तरी मुले असताना स्वतःच्या वाट्यापैकी निम्म्याचीच मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येते.

हे सर्व निश्चित करणारे दोन कागद असतात. वारस कोण, हे वारस निश्चितीच्या लेखाने ठरते आणि कोणाला काय मिळाले, हे ‘इन्व्हेंतार’ प्रक्रियेने. ही प्रक्रिया आता २०१२च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते. बहिणीने हक्क सोडला असेल, तर तो विशेष नोटरीसमोर केलेल्या लेखाने सोडलेला असावा. साध्या कागदावरील संमतीपत्र पुरत नाही. ‘बहिणींची काही हरकत नाही’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. हरकत नसलेल्या बहिणीला सही करायलाही हरकत नसते, म्हणून ती घ्यावीच.

७. जमिनीत कूळ किंवा मुंडकार आहे हे कसे कळते, आणि असल्यास काय बिघडते?

कूळ म्हणजे दुसऱ्याची शेतजमीन कसणारा आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या भाटात घर करून राहणारा. कुळांना १९६४च्या कूळ कायद्याने संरक्षण दिले आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मानीव खरेदीदार, म्हणजे कायद्याने खरेदीदार मानले गेलेले, ठरले. अशी जमीन भाटकाराकडून विकत घेणाऱ्याच्या हाती खटल्याशिवाय फारसे काही लागत नाही. कुळाने रीतसर खरेदी करून मामलेदाराची सनद घेतली असली, तरीही तिच्या पुढील हस्तांतरणावर निर्बंध असतात. म्हणून ‘कुळानेच विकायला काढली आहे’ या सांगण्यावरही थांबू नये.

मुंडकारांसाठी १९७५चा कायदा आहे. मुंडकाराला हुसकावता येत नाही आणि घराखालची व घराभोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. पंचायत क्षेत्रात ही जमीन घर धरून ३०० चौरस मीटरपर्यंत असू शकते. सहाशे मीटरच्या भूखंडाच्या कोपऱ्यात मुंडकाराचे घर असेल, तर खरेदीदाराने अर्धा भूखंड आपला नाही असे धरूनच किंमत ठरवावी. वाट, विहीर आणि पाणी यांच्या वहिवाटीचा प्रश्न याशिवाय वेगळा.

नोंद नसली, तरी हक्क असू शकतो. म्हणून जमीन दिवसा पाहावी, एकदा पावसाळ्यात पाहावी आणि वाड्यावर चौकशी करावी. काजू कोण वेचतो, नारळ कोण पाडतो, गवत कोण कापतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. मामलेदाराच्या कार्यालयात त्या सर्व्हे क्रमांकावर कूळ वा मुंडकार दावा प्रलंबित आहे का, हेही पाहावे. एखाद्या गरीब कुटुंबाला ‘समजावून’ घर रिकामे करून देण्याचे आश्वासन दलाल देत असेल, तर तो व्यवहार तेथेच सोडावा. असे करणे कायद्याला धरून नाही आणि गावात राहणाऱ्या माणसाला शोभणारेही नाही.

८. जमीन ‘सेटलमेंट’ म्हणजे वस्तीच्या विभागात आहे. मग घर बांधायला अडचण नाही ना?

विभाग ही पहिली पायरी आहे. नगरनियोजन खात्याकडून विभाग दाखला स्वतः घ्यावा. दलालाने दाखवलेली छायाप्रत चालणार नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ आणि शहरी भागांतील बाह्यविकास आराखडे यांत एकाच सर्व्हे क्रमांकाचा एक तुकडा सेटलमेंट आणि दुसरा बागायत असू शकतो. त्यानंतर महसुली रूपांतराची सनद हवी. ती नसेल, तर तो खर्च आणि वेळ हिशेबात धरावा. गावांतील व्हीपी-१ आणि व्हीपी-२ वर्गांत चटई क्षेत्र निर्देशांक अनुक्रमे ८० आणि ६० आहे, म्हणजे हजार मीटरच्या भूखंडावर साधारण ८०० किंवा ६०० मीटर बांधकाम. पंचवीस टक्क्यांहून अधिक उताराच्या भागात बांधकाम करता येत नाही, आणि डोंगर कापायला किंवा सखल भाग भरायला नगरनियोजन कायद्याखाली परवानगी लागते. रस्त्याची रुंदीही पाहावी, कारण अरुंद वाटेमुळे परवाना अडतो.

‘आज बागायत आहे, पण विभाग बदलून घेऊ’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या जमिनीपासून दूर राहावे. २००७मध्ये लोकांच्या आंदोलनानंतर प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला होता. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२)खालील विभागबदलाचे नियम रद्द ठरवले. एका अधिसूचनेच्या आधाराने चौपट दर देणाऱ्याचा पैसा दुसऱ्या आदेशाने अडकतो, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडले आहे. सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांत पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आणि दाट झाडी असल्यास खाजगी वनाची नोंद, हेही तपासावे.

९. भातशेतीची जमीन फारच स्वस्त मिळते आहे. पुढे रूपांतर होईल म्हणून घेऊन ठेवू का?

घेऊ नये. २०२३च्या शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायद्याने शेतकरी नसलेल्याला भातजमीन विकण्यावर बंधने घातली आहेत आणि अपवादासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. स्वतः भात लावणाऱ्या शेतकऱ्याने शेतीसाठी जमीन घेणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. खाजन जमिनीविषयी (भरतीच्या पाण्यालगतची, बांधांनी राखलेली सखल जमीन) प्रश्न १४ पाहा.

१०. दोन हजार मीटर जमिनीत माझ्या नावे तीनशे मीटरचा ‘अविभाजित हिस्सा’ करून देतो म्हणतात. दर कमी आहे. काय करावे?

अविभाजित हिश्श्याच्या खरेदीत आपण अनेक सहमालकांपैकी एक होतो. कोणता तुकडा आपला, हे कायद्याने ठरलेले नसते. असा मार्ग शोधला जातो, कारण मंजूर उपविभागणीशिवाय भूखंड पाडून विकता येत नाहीत आणि उपविभागलेल्या भूखंडाच्या विक्रीखताला नगरनियोजन खात्याचा किंवा पीडीएचा (नियोजन व विकास प्राधिकरणाचा) ना हरकत दाखला लागतो. पुढे घराचा परवाना, कर्ज आणि विक्री या तिन्ही ठिकाणी बाकीच्या सहमालकांची संमती मागितली जाते, आणि त्यांपैकी एकाला जरी पैसे हवेसे वाटले, तरी काम थांबते. कमी दर हा पुढच्या अडचणीचाच मोबदला असतो. मंजूर आराखडा, त्यातील रस्ता व मोकळी जागा आणि भूखंडाचा स्वतंत्र क्रमांक असेल तरच पुढे जावे.

११. कोमुनिदादीची जमीन किंवा तिच्यावरचे घर विकत घेता येते का?

कोमुनिदाद ही गावकऱ्यांची सामूहिक मालकीची जुनी संस्था आहे आणि तिचा कारभार १९६१च्या कोमुनिदाद संहितेनुसार चालतो. तिची जमीन ‘आफ्रामेंत’ पद्धतीने, ठरलेल्या वापरासाठी आणि अटींवर दिली जाते. ज्याला अशी जमीन मिळाली, त्याने अटी पाळल्या का, अंतिम ताबा मिळाला का आणि हस्तांतरणास मुभा आहे का, हे प्रशासकाच्या कार्यालयातील मूळ फाइलवरून पाहावे लागते. अतिक्रमण करून बांधलेले घर साध्या कराराने ‘विकणारा’ आपल्याला काहीच देत नसतो.

१२. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात काय काय पाहावे?

गोवा रेराच्या (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशे आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. गोव्यात लहान इमारती पुष्कळ असल्याने ही सूट येथे महत्त्वाची ठरते, आणि अशा इमारतीत तपासणीचा सगळा भार आपल्यावरच येतो. नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागता येतो आणि ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने दुरुस्त करून द्यायचे असतात. दराची तुलना चटई क्षेत्रावर करावी. जिने, मार्गिका यांचा वाटा मिळवलेल्या ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्रावर करू नये.

भोगवटा दाखला नसेल, तर ताबा घेऊ नये. तो मिळण्याआधीच्या विक्रीवर जीएसटी लागतो: साधारणपणे ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास १ टक्का. दाखल्यानंतरच्या विक्रीवर जीएसटी नाही. वकील शक्यतो विकासकाने सुचवलेला नसावा.

१३. घराला पंचायतीचा घरक्रमांक आहे आणि घरपट्टी भरलेली आहे. मग ते कायदेशीरच ना?

घरक्रमांक आणि घरपट्टीची पावती ही करआकारणीची खूण आहे. बांधकाम परवाना, सनद आणि भोगवटा दाखला यांची जागा ती घेत नाही. २०१६च्या कायद्याने २८ फेब्रुवारी २०१४पूर्वीची काही अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची सोय केली. परंतु ‘अर्ज केला आहे’ आणि ‘आदेश मिळाला आहे’ यांत सगळा फरक आहे. आदेशाची प्रत हातात येईपर्यंत घर अनधिकृत समजूनच विचार करावा.

१४. नदीकाठी किंवा समुद्राजवळ जागा घेतली, तर काय बंधने येतात?

किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नवे बांधकाम सहसा करता येत नाही, आणि भरतीच्या पाण्याच्या नद्यांच्या काठी ही मर्यादा १०० मीटर किंवा नदीची रुंदी यांपैकी जे कमी ते, अशी आहे. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ यांचे पाणी आत खोलवर येते, म्हणून समुद्र दिसत नाही अशा गावातही हा नियम लागू होऊ शकतो. खाजन जमिनीला विशेष संरक्षण आहे. बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) यांवर टिकून असलेली ती व्यवस्था भराव घालून मोडणाऱ्या व्यवहारात पैसा घालू नये. भरतीरेषा विक्रेत्याच्या बोटाने ठरत नाही. मंजूर नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक शोधावा.

१५. पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला, तर फ्लॅट जास्त कमावतो का?

हंगामात कमावतो. ऑक्टोबर ते मार्च हे महिने बरे जातात; पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात आणि त्याच दिवसांत बुरशी, गंज व गळती यांचा खर्च येतो. मालक परगावी असेल, तर सांभाळणाऱ्याचा वाटा, संकेतस्थळाचे कमिशन, चादरी-सफाई आणि वीज वजा करून मगच आकडा पाहावा. पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याकडे नोंदणी आवश्यक आहे आणि सोसायटीचे नियमही पाहावेत. शेजारी राहणाऱ्या कुटुंबांना रात्री-अपरात्रीच्या गोंगाटाचा त्रास होतो, ही तक्रार मला रास्त वाटते.

१६. मोपा विमानतळामुळे पेडण्यात आता घेतले पाहिजे का?

विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला आणि त्याची अपेक्षा दरांत त्याच्या कितीतरी आधीपासून मिसळलेली होती. आज घेणारा ती वाढ आधीच विकत घेतो. धारगळ, मोपा, वारखंड परिसरात कूळ आणि मुंडकारांचे प्रश्न जुने आहेत, म्हणून तेथे प्रश्न ७ दोनदा वाचावा.

१७. विक्रेता पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला असतो. वेगळे काय करावे लागते?

विक्रेता भारतात निवासी असेल, तर ५० लाख वा अधिक किमतीच्या खरेदीत एक टक्का कर कापून भरायचा असतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ही ५० लाखांची सूट नाही आणि कपातीचा दर कितीतरी जास्त असतो. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला, तरच ती कमी होते. कपात न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. विक्रेत्याचे राष्ट्रीयत्व आणि निवास या दोन गोष्टी सुरुवातीलाच लेखी विचाराव्यात. जमीन शेतीची असेल, तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. उलट बाजूने, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असलेल्या आपल्या भावाला घर किंवा दुकान घेता येईल, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येणार नाही. वारसाने मात्र मिळू शकते.

१८. मालक परदेशात आहेत आणि येथील माणूस कुलमुखत्यारपत्रावर विकतो आहे. चालेल का?

चालू शकते, पण हाच सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. जून २०२२मध्ये गोवा सरकारने जमीन बळकाव प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसवला. परदेशी गेलेल्या वा निवर्तलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे विकल्या गेल्याचे त्या काळात उघड झाले. म्हणून मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा अपॉस्टिल या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राने प्रमाणित आहे का, भारतात आल्यावर त्यावर मुद्रांक लागला का, आणि मुख्य म्हणजे ते देणारा आज हयात आहे का, हे पाहावे. मालकाच्या मृत्यूने सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. मालकाशी स्वतः बोलावे आणि पैसे त्यांच्याच खात्यात जावेत. जुन्या पोर्तुगीज दस्ताची प्रत विक्रेत्याकडून न घेता पुराभिलेख खात्यातून वा निबंधकाकडून प्रमाणित करून आणावी. नोंदलेल्या विक्रीखताशिवाय, मुखत्यारपत्र आणि करार यांवरच झालेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केले आहे.

१९. गोव्यापेक्षा दोडामार्ग-सावंतवाडीला जमीन स्वस्त आहे. तेथे घ्यावी का?

तेथे महाराष्ट्राचा कायदा चालतो. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बिगरशेती भूखंडाला ही अट नाही. आपण शेतकरी ठरता की नाही, हे इसार देण्यापूर्वी तेथील वकिलाकडून लेखी घ्यावे.

२०. विकताना किती कर जातो?

दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्के, हा पर्यायही आहे. दोन्ही हिशेब करून कमी येणारा निवडावा. वारसाने आलेल्या जमिनीत मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते, त्यामुळे जुने कागद येथेही लागतात. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्यास नफा दोघांत विभागून दाखवण्याविषयी सल्लागाराला जरूर विचारावे. गोव्याबाहेरील सल्लागाराला ही तरतूद ठाऊक नसते.

२१. इसार दिला आणि आता कागदात एक वारस राहून गेल्याचे कळले. पैसे बुडाले का?

लगेच नाही. करारात ‘निर्वेध व विक्रीयोग्य हक्क’ देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली असेल आणि दोष निघाल्यास इसार परत करण्याचे कलम असेल, तर आपली बाजू बळकट आहे. वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी, राहिलेल्या वारसाला व त्याच्या जोडीदाराला करारात संमतीदार म्हणून सामील करून घेण्यास मुदत द्यावी आणि तोपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये. वारस अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेला, असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते आणि व्यवहार महिनोन्महिने लांबतो. तेव्हा इसार परत मागणेच बरे. इसार रोखीने आणि पावतीशिवाय दिला असेल, तर दिल्याची तारीख, रक्कम, साक्षीदारांची नावे आणि फोनवरील निरोप आजच एका कागदावर उतरवून, तो कागद घेऊन वकिलाकडे जावे.